दुसऱ्या डोंगरावरचा नर

मैलापूर, मद्रास
१६ जून १९९१

राणोजी यांस,

पार्सल मिळालं. कंडक्टर सुब्बा यांनी ते ब्रॉडवेच्या बसस्टँडवर मला दिलं तेव्हा दोन बोटांत धरलं होतं, आणि दिल्यावर दोन्ही हात पँटला पुसले. "आत काय आहे?" असं त्यांनी विचारलं. मी "शाळेचा नमुना" म्हटलं. "नमुना आतून खरवडतो का हो?" असं म्हणून ते दोन पावलं मागे सरले. मागच्या महिन्यातल्या बॉम्बस्फोटापासून पोलीस बसमधली पार्सलं उघडून पाहतात. हे उघडलं नाही, हे त्यांचं आणि आतल्या कोळ्याचं नशीब. पुढच्या वेळी कागदाचे बोळे न घालता किंचित ओला कापूस घट्ट बसवावा, म्हणजे प्राणी हलणार नाही.

तुम्ही "आणखी एक बाई पाठवतो आहे" असं लिहिलं होतं. ती बाई नाही. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं बोंडासारखी फुगलेली आहेत, म्हणजे हा वयात आलेला नर आहे. मादी वर्षानुवर्षं कात टाकत जगते. नर वयात आला की त्याचं आयुष्य थोडंच उरतं. त्याला मी वेगळ्या फळीवर ठेवलं आहे. नवा कोळी आला की तो काही आठवडे इतरांपासून दूर ठेवावा लागतो. त्याच्या अंगावरून किडे आले तर माझ्या सगळ्या बरण्यांतले कोळी जातील.

हा कोणत्या झाडावर मिळाला ते कळवावं. माझी मोठी मादी किल्ल्याच्या पायथ्याच्या चिंचेतली आहे. हाही तिथलाच असेल तर मी त्यांची जोडी लावणार नाही. एका ढोलीतले कोळी बहुधा अंड्यांच्या एकाच पिशवीतून निघालेले असतात. मला दुसऱ्या डोंगरावरचा नर हवा.

पार्सलमध्ये आत्यांचा पितळी डबा होता. त्यात हळकुंड, सुपारी आणि कुंकवाची पुडी होती. पुडी फुटून कुंकू कोळ्याच्या खोक्यात गेलं. बारीक पूड त्याच्या श्वासाच्या फटींत बसते. मऊ ब्रशने पाय झाडायला माझी सकाळ गेली. पार्सलमध्ये पूड घालू नये असं आत्यांना सांगावं. डबा उकळत्या पाण्यात धुऊन सुब्बांबरोबर परत पाठवला आहे.

भवानी नव्या बरणीवर तळहात ठेवून बसते. तिला ऐकू येत नाही, पण कोळी चालायला लागला की आम्हा बहिणींत तिला आधी कळतं आणि मला नंतर दिसतं. अप्पांची प्रकृती ठीक आहे.

कृष्णवेणी

*

जिंजी
३० जून १९९१

कृष्णवेणी,

जिंजीच्या शाळेत मराठी वाचणारा मी एकटाच, म्हणून तुझं पत्र दिवसभर स्टाफरूमच्या टेबलावर उघडं पडलं होतं. हेडमास्तरांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "काय सार, हिंदी शिकताय की काय?" मी म्हटलं, "नाही सार, मामाच्या मुलीने शिव्या घातल्यात." ते म्हणाले, "मग बरोबर. आमच्याकडे त्या तमिळमध्ये येतात."

मुलं आता मला एट्टुकाल वात्त्यार म्हणतात, आठ पायांचे मास्तर. फळ्यावर चित्रही काढलं होतं. पाय सहाच काढले म्हणून मी चित्र काढणाऱ्याला बाकावर उभा केला.

तुझा नर त्याच चिंचेतला. चूक कबूल. तो बाई नाही हे मला कसं कळावं? विचारलं तर सांगत नाही.

आता खरी गोष्ट. आईने तो डबा देवापुढे बसून उघडला. आत काहीच नाही, आणि वर चकचकीत घासलेला. ती तिथेच बसून राहिली. म्हणाली, "एकोजीच्या लेकीने नाही म्हटलं."

तुला हे ठाऊक नाही ना? मलाही नव्हतं. आपल्या घरांत बहिणीकडून भावाच्या घरी, त्याच्या मुलीसाठी, हळकुंड-सुपारीचा डबा गेला की तो कशाकरता गेला ते सांगायचं नसतं. साखर घालून परत आला तर होकार. रिकामा आला तर नकार. आईच्या लग्नातही असाच डबा फिरला होता. तिने मला न विचारता तो कोळ्याच्या पार्सलात खुपसला. मी आईला म्हटलं, "अगं, ती इंजिनिअर आहे. ती सगळंच धुते." तर म्हणते, "इंजिनिअरच्या घरात साखर नसते का?"

मी मामाच्या मुलीवर हक्क सांगणारा माणूस नाही. पण डबा गेलाच आहे, तर मला विचारायला हवं. तो रिकामा होता, की नुसता धुतलेला होता?

राणोजी

*

मैलापूर
१४ जुलै १९९१

राणोजी यांस,

डबा धुतलेला होता. त्याचा दुसरा अर्थ नाही, आणि आत्यांना तसं स्पष्ट सांगावं. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. अशा गोष्टी सांगणारं घरात नंतर कोणी राहिलं नाही. अप्पांना विचारलं तर ते आधी हसले, मग म्हणाले, "मला दाखवला असतास तर मी मूठभर साखर घातली असती." मग त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. साखर घालण्याचं मला सुचलंही असतं तरी मी घातली नसती, कारण वाटेत मुंग्या लागतात. पण तो वेगळा विचार आहे.

मोठ्या मादीने कात टाकली. सकाळी ती पाठीवर पडलेली दिसली. दूध द्यायला वर आलेल्या घरमालकीण मामींनी "मेली वाटतं, अय्यो पावम, बिचारी!" म्हणून बरणी उचलली. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. मामींना माझा राग आला असावा. कात टाकताना कोळी पाठीवरच निजतो आणि त्या वेळी त्याला हलवलं तर तो खरोखर मरतो. पण हे समजावण्याइतका वेळ नव्हता. आता ती बाहेर आली आहे. रंग कोरा आहे, दात अजून पांढरे आहेत. ते काळे होईपर्यंत तिला झुरळ देता येत नाही.

तिने कात टाकली म्हणजे आता नर हवा. चिंचेतला नको. हे कायम आहे.

नर मिळाला तर तो बसने पाठवू नये. हेलकावे फार बसतात. जमल्यास तुम्ही स्वतः घेऊन यावं.

कृष्णवेणी

*

जिंजी
२५ ऑगस्ट १९९१

कृष्णवेणी,

"जमल्यास स्वतः घेऊन यावं." हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू लगेच मोजमाप विचारशील.

जवादीच्या डोंगरात जाऊन आलो. इथून सरळ दिसतो, पण बस तीन बदलाव्या लागतात. मध गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "फणसाच्या ढोलीत असतात. पण पकडून करणार काय? खाणार?" मी म्हटलं, "लग्न लावणार." म्हातारा म्हणाला, "मद्रासला माणसांची लग्नं संपली का?"

नर आहे. बोंडं बघितली. मी शिकतो आहे. उतरताना पाय घसरून गुडघा फोडून घेतला, पण डबा वर धरला होता. त्याचं नाव मी जवादीकर ठेवलं आहे. तुझ्याकडे नावं चालत नाहीत, नंबर चालतात, हे ठाऊक आहे. तरी ठेवलं.

आई निवळली आहे. "धुतलेला डबा" हे तिने शेजारणींना सांगून झालं आणि प्रत्येक वेळी त्या हसतात. फक्त मला विचारते, "मग पुढे काय?" विनायक चतुर्थीच्या सुट्टीत येतो. मामांना सांग. भवानीसाठी रंगीत खडू आणतो.

राणोजी

*

मैलापूर
२२ सप्टेंबर १९९१

राणोजी यांस,

तुम्ही आणलेला नर खातो आहे. अंगावर किडे नाहीत. आणखी काही आठवडे तो वेगळा राहील. गुडघ्याच्या जखमेवर इथून गेल्यावर पुन्हा पट्टी केली की नाही ते कळवावं. माझ्या समजुतीप्रमाणे केली नसावी.

मामी अजून विचारतात, "तो हसणारा अत्तान, तुझा आतेभाऊ, परत कधी येणार?" तुम्ही जिन्यात त्यांना "हलवा नाही मामी, पूच्ची आहे" म्हणालात आणि किडा दाखवायला झाकण उघडू लागलात, ते बरं केलं नाही. त्या दिवसापासून दूध खालच्या पायरीवर ठेवलं जातं.

गच्चीवर तुम्ही म्हणालात, "आता डबा नको, तोंडाने सांग." मी "खाली दूध उतू जाईल" म्हणून उतरले. शेगडीवर दूध नव्हतं. तुम्ही प्रश्न सरळ विचारला होता, म्हणून उत्तर सरळ देते.

मला नको आहे असं नाही. एवढं एकदा लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

तुम्ही गेल्यावर मी भवानीला घेऊन इथल्या मोठ्या इस्पितळात गेले. वंशातून येणारे दोष पाहणाऱ्या एक डॉक्टर आहेत. त्यांनी आपल्या घराचं चित्र कागदावर काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाला एक रेषा. नात्यातल्या नात्यात लग्न असेल तर दोन रेषा. अप्पा आणि आई आतेमामे, म्हणून तिथे दोन. आजोबा-आजींच्या मध्ये दोन. त्यांच्या आधीही दोन. बाईंनी पेन थांबवलं आणि विचारलं, "तंजावरहून निघाल्यापासून तुमच्याकडे बाहेरचं कोणी आलंच नाही का?" भवानी ते चित्र बघत होती. तिने तिच्या वर्तुळावर बोट ठेवलं, कारण ते एकच शाईने भरलेलं होतं.

मी विचारलं, आणखी एक दुहेरी रेषा काढली तर काय होईल? त्या म्हणाल्या, कदाचित काहीच नाही. धोका इतरांपेक्षा जास्त आहे. नेमका किती, ते सांगता येत नाही.

अंबत्तूरला माझं काम तुम्हाला माहीत आहे. दाब मोजणारी यंत्रं तपासून पुढे पाठवायची. काटा चुकत असेल तरी चालतं, पण किती चुकतो ते माहीत असावं लागतं. ते माहीत नसलेलं यंत्र मी बाजूला ठेवते. मला दुसरं येत नाही.

कृष्णवेणी

*

जिंजी
६ ऑक्टोबर १९९१

कृष्णवेणी,

"मला नको आहे असं नाही." ठीक आहे. मी हे घट्ट धरून ठेवतो. बाकीच्या पत्राशी भांडतो.

पहिलं. मूल नको. झालं? माझ्या वर्गात एक्कावन्न पोरं आहेत. त्यातल्या निम्म्यांना घरी न्यायला कोणी येत नाही, ती संध्याकाळी माझ्याच ओट्यावर असतात. मला बाप व्हायची घाई नाही. ज्या यंत्राचा काटा कळत नाही ते यंत्र चालवायचंच नाही. तुझं गणित सुटलं.

दुसरं. हे लिहू की नको असं झालं होतं. भवानीसारखं मूल होईल याची तुला भीती वाटते. भवानी तुझ्यापेक्षा जास्त हसते. मी होतो त्या दिवसांत ती मामांना पत्त्यांत दोनदा फसवताना मी पाहिली. घरमालकीण मामी तिला पोरीसारखी जवळ घेतात, तुझ्याशी मात्र जिन्यावरूनच बोलतात. तिच्यात कमी काय आहे ते तू डॉक्टरांना विचारलंस. तिला विचारलंस का?

रागावू नकोस. रागावलीस तर जवादीकरला सांग, तो ऐकून घेईल.

गुडघा बरा आहे. पट्टी केली नव्हती.

राणोजी

*

मैलापूर
३ नोव्हेंबर १९९१

राणोजी यांस,

जोडी लावली. जवादीच्या नराची बरणी मादीच्या बरणीला तोंडाला तोंड लावून ठेवली आणि मधला पुठ्ठा काढला. नराने पायांनी सालीवर थाप दिली. ती बराच वेळ हलली नाही, मग तिने तशीच थाप उलट दिली. भवानीचा हात काचेवर होता. तिने मला दोन्ही थापा बोटांनी माझ्या मनगटावर वाजवून दाखवल्या. नर जिवंत बाहेर आला. मी मध्ये पुठ्ठा घालायला तयार होते, पण लागला नाही. चिंचेतला नर मागच्या आठवड्यात गेला. त्याची जोडी लागली नाही.

भवानीला विचारलं. मी पाटीवर लिहिलं की राणोजी असं म्हणतात. तिने वाचलं, पाटी पुसली आणि लिहिलं: "मी नसते तर तू गेली असतीस?"

ती पाटी घेऊन अप्पांकडे गेली आणि त्यांच्याशी पत्ते खेळत बसली. तेव्हापासून ती माझ्याशी नीट वागते. तेच जास्त अवघड आहे.

तुम्ही म्हणता मूल नको. ते तुम्ही आज म्हणता. तुमच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं असतात, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्यातली शेवटची उठून गेली की तुम्ही काय करता, ते लिहिलं नाही. आणि आत्यांना हे कोण सांगणार? सांगून पाहावं. त्या काय म्हणतात ते मला कळू द्या.

मादी पिशवी विणेल असं दिसतं. ती विणली की मी कळवीन. दुसऱ्या डोंगरावरचा नर मिळवायला तुम्ही गुडघा फोडून घेतला, त्याचा काही उपयोग व्हावा.

कृष्णवेणी

*

मैलापूर
१ डिसेंबर १९९१

राणोजी यांस,

पिशवी विणली. पांढरी, लिंबाएवढी. मादी ती पायांत धरून बसली आहे आणि काही खात नाही. खोलीत मी आता अप्पांनाही येऊ देत नाही. पाऊस फार आहे, ओल जास्त होऊ नये म्हणून जाळी बदलली.

तुमचं उत्तर आलं नाही. टपाल पावसामुळे उशिरा येतं, हे मला माहीत आहे.

कृष्णवेणी

*

जिंजी
२२ डिसेंबर १९९१

चिरंजीव कृष्णवेणीस सईआत्याचा आशीर्वाद. इथे देवाच्या दयेने सगळे चालते आहे, तुम्हा तिघांचेही चालत असो.

मुली, राणोजीने मला सगळे सांगितले. लेकरे नकोत असेही सांगितले. मी त्याच्याशी बरेच दिवस बोलले नाही. मग एकदा चुलीपुढे बसून माझी मीच विचार केला, आणि आता तुला लिहिते. माझ्या अक्षरावर हसू नकोस.

मी पण आत्याच्याच घरात दिलेली. राणोजीच्या आधी माझी दोन गेली. एक बारशाआधी, एक रांगायला लागल्यावर. तुझ्या अप्पाला ठाऊक आहे, तो बोलत नाही. आमच्या वेळी कोणी चौकोन काढले नाहीत. म्हणाले, दृष्ट लागली. तू दवाखान्यात गेलीस, बरे केलेस. मला राग नाही. भवानीला पहिल्यांदा अंघोळ मीच घातली होती. वाटी पडली आणि ती दचकली नाही, ते मी तेव्हाच पाहिले आणि कोणाला बोलले नाही.

आता ऐक. तिरुवण्णामलैच्या तुकोजींची मुलगी आहे, त्रिपुरसुंदरी. आपल्यातली, पण नात्यातली नाही. मी विचारून पाहिले. तुकोजी म्हणतात, "मामाची लेक घरात असताना आमची कशी देऊ? उद्या ती म्हणेल माझा होता. तिने सोडला असे तिच्या हातचे दाखवा." आपल्यात ही रीत आहे. हक्काची मुलगी त्याला वडिलांसमोर अण्णा, म्हणजे भाऊ, म्हणते. एकदा म्हटले की हक्क तुटला. मग दोन्ही घरांनी ठरवले तरी ते लग्न लागत नाही. तू येऊ शकत नसशील तर पत्रात म्हण. वर नाव घालून, सहीनिशी. ते पत्र मी तुकोजींना दाखवीन.

हे म्हणायचे नसेल तर काही लिहू नकोस. पोंगल झाला की तै महिन्यात सरळ इकडे ये. मी दारात उभी राहीन. नातवंडे नसली तर नसली. एवढी वर्षे नव्हतीच.

दोन्हीपैकी काही कर, माझी ना नाही. पण त्याला मध्ये ठेवू नकोस. तो रोज पोस्टमनला विचारतो आणि काही नाही असे कळले की हसतो. मला ते हसणे बघवत नाही.

सईबाई

*

जिंजी
२२ डिसेंबर १९९१

कृष्णवेणी,

हे कार्ड. आई आत बसून तुला पत्र लिहिते आहे. काय लिहिते ते मला माहीत आहे, तिने वाचून दाखवलं. मी तिला अडवलं नाही, कारण ती खोटं काही लिहीत नाही. माझं उत्तर एवढे दिवस आलं नाही, ते ती बोलायची थांबली होती म्हणून. तिचं म्हणणं कळव म्हणालीस आणि माझ्याजवळ कळवण्यासारखं काही नव्हतं.

शेवटचं पोर उठून गेलं की मी काय करतो ते विचारलंस. ओटा झाडतो.

मला काय वाटेल ते म्हण. वात्त्यार म्हण, पूच्ची म्हण, यांस म्हण. ते एक सोडून.

राणोजी

*

मैलापूर, मद्रास
१२ जानेवारी १९९२

प्रिय राणोजीअण्णा,

तुझं कार्ड आणि आत्यांचं पत्र एकाच टपालात मिळालं. उत्तराला उशीर झाला. पिशवीचं काय होतं ते पाहून लिहावं असं ठरवलं होतं.

मागच्या आठवड्यात मादीने पिशवी सोडून दिली. मी दोन दिवस वाट पाहिली, मग चिमट्याने ती उचलून कात्रीने उघडली. आत अंडी होती. सगळी सुकून एकमेकांना चिकटली होती. भिंगाखाली एकेक पाहिलं. बुरशी नव्हती, किडे नव्हते. ऊब आणि ओल दोन्ही बरोबर होत्या, मी रोज मोजत होते. मादी निरोगी आहे. नर दुसऱ्या डोंगरावरचा होता. तू त्याच्यासाठी एवढा लांब गेलास. यात कोणाचीच चूक मला सापडली नाही, आणि कारणही सापडलं नाही. सगळं नीट करूनही होत नाही, हे मला आता माहीत झालं आहे. त्याने माझा निर्णय बदलायला हवा होता असं तू म्हणशील. मीही एक रात्र तेच म्हणत होते. बदलला नाही.

भवानीने उघडलेली पिशवी हातात घेऊन पाहिली आणि कुंडीतल्या मातीत पुरली. जवादीकर अजून आहे. पाय वाकायला लागले आहेत, पाणी पितो, खात नाही. तो जाईल तेव्हा कळवणार नाही.

नवे कोळी यापुढे पाठवू नकोस. आहेत तेवढे मी सांभाळीन. तुझ्याकडे मुलांनी कधी ढोलीतून काढून आणलाच तर त्याला त्याच झाडावर परत सोड, आणि संध्याकाळी सोड, म्हणजे कावळे टिपणार नाहीत. वहिनींना कोळ्यांची भीती वाटत असेल तर त्यांना आधी सांगून ठेव की झाडावरचा हा मोठा कोळी आपणहून घरात येत नाही.

अप्पा आणि भवानी लग्नाला येतील. भवानीने तुझ्यासाठी खडूने काहीतरी काढलं आहे, मला दाखवत नाही. मला त्या आठवड्यात रजा मिळणार नाही. मागितलेली नाही, तरी मिळणार नाही हे माहीत आहे.

आत्यांना नमस्कार. तुकोजींना हे पत्र दाखव. पूर्ण दाखव, घडी घालून अर्धं नको. त्यात कोळ्यांखेरीज काही नाही.

तुझी बहीण,
कृष्णवेणी